कुंपण घालणारे हात

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, असा सवाल मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. रक्षकच भक्षक झाला म्हणजे ही म्हण हमखास आठवते. अग्रलेखांतून आणि सभांतल्या भाषणांतून ती इतक्या वेळा येऊन गेली आहे, की कुंपण या वस्तूचा विचार आता जवळजवळ अलंकार म्हणूनच होतो. परंतु प्रत्यक्षातले कुंपण कोणीतरी खड्डे खणून, खांब उचलून आणि तारा ताणून उभे केलेले असते. ते उभे होत असताना कधी कधी शेताला नव्हे, तर उभे करणाऱ्यालाच खाते. ही गोष्ट मात्र म्हणीतही आलेली नाही आणि विचारातही क्वचितच येते.

होळी होऊन गेली, रब्बीचे पीक घरात आले, की मृग नक्षत्र लागेपर्यंतचे दोन-अडीच महिने हे कुंपणाचे दिवस. रान मोकळे असते, हातात थोडा पैसा असतो. त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते. म्हणून शाळेच्या पटांगणाला, ग्रामपंचायतीच्या विहिरीला, नव्या वसाहतीतल्या रिकाम्या भूखंडाला कुंपण घालण्याचे कामही याच दिवसांत निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेची भेंडोळी येऊन पडतात. मागोमाग चार-पाच माणसांची टोळी येते. तिच्यात एखादे नवरा-बायकोचे जोडपे असते, नुकताच मिसरूड फुटलेला एखादा पोरगा असतो. काम उक्ते ठरलेले असते, धावत्या फुटाला इतके रुपये. जितके फूट लवकर, तितकी मजुरी लवकर. या एका हिशेबातच पुढच्या पुष्कळ अपघातांचे मूळ आहे.

वस्तुतः कुंपणाच्या कामातील बहुतेक इजा टाळण्यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही, फार मोठा पैसाही लागत नाही. खांब, तार, वाळू, सिमेंट आणि मजुरी यांचा हिशेब जसा आधी मांडला जातो, तसाच काम करणाऱ्याच्या हाताचा, डोळ्याचा आणि जिवाचा हिशेबही आधी मांडला गेला पाहिजे, एवढेच लागते. आज तो मांडला जात नाही.

जुनी वई, नवी तार

कुंपण ही काही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. कोकणात गडगे आणि वई होत्या, घाटावर बाभळीच्या व बोराटीच्या काट्या बांधाला लावीत, कोरडवाहू मुलखात शेर, निवडुंग आणि घायपात यांच्या जित्या भिंती उभ्या असत. हे सारे घरचेच काम होते. त्यातले धोकेही घरचेच, म्हणून ठाऊक होते. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी येते, हे पोराला वडीलधारी माणसे सांगत. गडग्याचा दगड उलटताना बोटे खाली घालू नयेत, कारण खाली फुरसे किंवा विंचू असतो, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. कोकणात विंचूदंश हे एके काळी मरणाचेच दुसरे नाव होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले, तेव्हापासून ते मृत्यू पुष्कळच घटले. पण दगड जपून उलटण्याची जुनी शिकवण आजही तितकीच खरी आहे.

काटेरी तार मात्र परदेशी पाहुणी. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ साली तिचे पेटंट घेतले. दोन तारांना पीळ देऊन त्यांच्यात काटा पक्का अडकवण्याची ही युक्ती जगभर गेली. लाकूड नाही, दगड नाही, झुडूप वाढण्याची वाट पाहणे नाही. चार दिवसांत एकरभर रान बंदिस्त. तार गावोगाव पोचली, परंतु तिच्याबरोबर तिचे शिक्षण आले नाही. काट्याची फांदी ओढताना फार तर हात खरचटतो. ताणलेली तार तुटली तर ती चाबकासारखी उलटते आणि तोंडावर येते. फांदीतून वीज वाहत नाही, तारेतून वाहते. या दोन साध्या फरकांची पुरती जाणीव आजही कामाच्या जागी नसते.

खड्डा, खांब आणि ताण

काम सुरू होते ते दोरी लावून. परंतु दोरी लावण्यापूर्वी हद्द ठरलेली असली पाहिजे. बांधाच्या कोरावरून भाऊबंदांत उभे वैर असते आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी न करताच कुंपण घालण्याचा घाट घातला जातो. मग शेजारी काठ्या घेऊन येतो, तेव्हा बांधावर मालक नसतो. असतो तो पहार घेतलेला मजूर. ज्याचा त्या जमिनीच्या तसूभर तुकड्याशीही संबंध नाही, त्याचे डोके फुटते. मोजणी आधी, खड्डा नंतर, हा नियम म्हणूनच महसुलाचा आहे तितकाच सुरक्षिततेचाही आहे.

त्यानंतर झाडोरा साफ करणे येते. जुने कुंपण काढताना पालापाचोळ्यात, मोडक्या तारांच्या गुंत्यात घोणस किंवा मण्यार असण्याचा संभव नेहमीच धरावा. आधी लांब काठीने खडबडवावे, मग विळा चालवावा आणि हात दिसेल तिथेच घालावा. जमिनीखाली काय आहे, हेही विचारून घ्यावे लागते. शहरात पाण्याचा नळ, विजेची केबल, आता कित्येक ठिकाणी गॅसची वाहिनीही असते. शेतात मोटारीची केबल पुरलेली असते आणि ती नेमकी कुठून गेली आहे, ते फक्त मालकाला ठाऊक असते. मालक तालुक्याला गेलेला आणि मजुराची पहार केबलवर, असे घडू नये म्हणून खणण्याच्या वेळी माहितगार माणसाने हजर राहणे, एवढा एकच उपाय आहे. त्याला एक पैसाही पडत नाही.

खड्डा खणणे सोपे वाटते. मुरमात पहार आपटली की चिलट उडते आणि डोळ्यात जाते. एकजण पहार धरतो, दुसरा तिच्यावर घण घालतो; घण चुकला की मनगट जाते. पहार हाताने न धरता लांब दांड्याच्या चिमट्याने धरावी, घण घालणाऱ्याने आणि धरणाऱ्यानेही साधा संरक्षक चष्मा लावावा. संध्याकाळी उघडे राहिलेले खड्डे फळ्यांनी झाकावेत किंवा त्यांत खांब तरी उभे करून टाकावेत. शाळेच्या आवारात तर हे विसरून चालणारच नाही, कारण मुले सुट्टीतही पटांगणावर खेळायला येतात.

खांबाचे वजन हा दुर्लक्षित विषय आहे. चार इंच रुंद, चार इंच जाड आणि सात फूट लांब असा सिमेंटचा खांब सुमारे ५० किलो भरतो. असे शंभर खांब ट्रॉलीतून उतरवायचे आणि बांधापर्यंत खांद्यावर न्यायचे, म्हणजे एका दिवसात पाच टन ओझे माणसांच्या पाठीवरून गेले. दोघांनी मिळून उचलावे, गुडघे वाकवून पाठ ताठ ठेवून उचलावे आणि उतरवताना हाक दिल्याशिवाय सोडू नये. पायात चप्पल असलेल्या माणसाच्या पायावर असा खांब पडला तर बोटांचा चुरा होतो. तरीही कुंपणाच्या कामावर बंद बूट घातलेला माणूस शोधूनही सापडत नाही. ओला सिमेंटचा गिलावा हाताने दाबण्याची सवयही अशीच. त्यातला क्षार कातडी पोळतो, आणि ते लगेच जाणवत नाही म्हणून माणूस दिवसभर त्यातच हात घालीत राहतो.

खरा धोका मात्र तार ताणताना असतो. घाई इथेच नडते. खांबाचा काँक्रीट किमान आठवडाभर मुरू द्यायला हवा, कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू हवा. परंतु उक्त्या कामात दुसऱ्याच दिवशी तार ओढली जाते. खांब झुकतो, टेकू निसटतो आणि सारा ताण सुटून अंगावर येतो. काही ठिकाणी तर तार ट्रॅक्टरला बांधून ओढतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तारेवर किती ताण आला हे कळण्याचे काहीच साधन नसते. कळते ते तार तुटल्यावर. ताण हाताने चालवायच्या यंत्राने हळूहळू द्यावा. ताण देणाऱ्याने तारेच्या आणि आपल्यामध्ये खांब येईल अशा बाजूला उभे राहावे. बाकीच्यांनी तारेच्या रेषेतून आणि दोन तारांच्या मधून दूर व्हावे. गंजलेली जुनी तार पैसे वाचवण्यासाठी पुन्हा ताणू नये. भेंडोळे सोडताना ते जमिनीवर लोळवीत न्यावे किंवा दांड्यावर फिरते ठेवावे, कारण ते स्प्रिंगसारखे असते. बंद तोडताच टोक उसळते. तार कापताना दोन्ही बाजू धरलेल्या असाव्यात. तोंडाजवळ तार न्यायची वेळ येते त्या क्षणापुरता तरी डोळ्यावर चष्मा हवा. स्त्रियांचा पदर आणि पुरुषांचे उपरणे कमरेला घट्ट खोचलेले हवे. काट्यात अडकलेला कपडा सोडवायला गेलेला दुसरा हातही त्याच काट्यात अडकतो.

काट्याने हात फाटला की त्यावर माती दाबण्याची जुनी चाल आहे. यासारखी घातक चाल दुसरी नाही. धनुर्वात गंजामुळे होतो असे पुष्कळांना वाटते. खरे तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजका काटा ते खोल आत पोचवण्याचे काम करतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस घ्यावी. ती दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, हे कितीशा प्रौढांना ठाऊक असते? प्राथमिक आरोग्य केंद्रात ही लस मिळते. काम सुरू होण्यापूर्वी टोळीला तिथे पाठवणे अवघड नाही. परंतु तो अर्धा दिवस कोणाच्याच हिशेबात नसतो.

एप्रिल-मेच्या उन्हात हे सारे चालते. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार या वेळात उघड्या बांधावर पहार चालवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रणच. पहाटे काम सुरू करून दुपारी सावलीला बसणे हे शहाणपण शेतकऱ्याला नवे नाही. पण धावत्या फुटाचा दर त्याला ते विसरायला लावतो.

वरची तार

जमिनीकडे पाहून काम करणाऱ्या माणसाला वर पाहण्याची सवय नसते. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा पुष्कळ ठिकाणी लोंबकळत असतात. लोखंडी अँगल किंवा लांब नळ ट्रॉलीत उभा धरून नेताना, ताण सुटलेल्या तारेचे टोक वर उसळताना त्यांचा स्पर्श होऊ शकतो. उच्च दाबाच्या तारेला तर स्पर्श होण्याचीही गरज नसते; पुरेसे जवळ जाणे पुरते. म्हणून तारांखालून कुंपण न्यायचेच असेल तर ते काटकोनात, कमीत कमी अंतर तारांखाली राहील असे न्यावे, आणि काम करण्यापूर्वी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा.

याहून साळसूद धोका पुढेच आहे. खांब वाचवण्यासाठी कुंपणाची तार सरळ विजेच्या खांबालाच किंवा त्याच्या ताणाच्या तारेलाच गुंडाळण्याची पद्धत खेडोपाडी दिसते. मोटारीची केबलही कुंपणाच्या तारेवरूनच नेलेली असते. पावसात वरची चिनी मातीची वाटी तडकली किंवा केबलचे आवरण काट्याने घासून गेले, की शेकडो फूट कुंपण एकदम जिवंत होते. ज्याने तार गुंडाळली त्याने काही गुन्हा करावा म्हणून केलेले नसते. त्याला एक खांब वाचवायचा होता. परंतु आषाढात बांधावर गवत कापायला आलेल्या बाईला हे कोण सांगणार? कुंपणाचा आणि विजेच्या खांबाचा संबंध कुठेही येता कामा नये, आणि लांबच लांब धातूचे कुंपण ठरावीक अंतराने जमिनीशी जोडलेले असावे, या दोन गोष्टी तार बांधणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितल्या पाहिजेत.

जिवंत कुंपण

जी वीज चुकून येते तिच्याबद्दल हे झाले. जी मुद्दाम सोडली जाते, तिची कथा वेगळी आणि अधिक करुण आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत रानडुकरे आणि रोही रात्रीतून उभे पीक आडवे करतात. माळ्यावर बसून जागल करायची तर वाघ-बिबट्याचे भय. वर्षाची मेहनत एका रात्रीत जाताना पाहिलेला शेतकरी एखाद्या दिवशी घरगुती विजेची २३० व्होल्टची तार किंवा चोरून टाकलेला आकडा कुंपणाला जोडतो. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. त्याच्या जागी रात्र काढणे सोपे नाही. तथापि त्याची अगतिकता मान्य करूनही हे सांगितलेच पाहिजे, की ती तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही. पुष्कळदा ती ज्याने लावली त्यालाच, त्याच्या मुलाला, शेजाऱ्याला किंवा पहाटे तार सोडायला पाठवलेल्या गड्याला मारते.

हे असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. घरगुती विजेचा सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह हातातून गेला की स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडू म्हटले तरी सुटत नाही. तोच प्रवाह ५० ते १०० मिलिअँपिअरवर गेला आणि काही क्षण टिकला, की हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. जुना ४० वॅटचा दिवा पेटायला याहून अधिक प्रवाह लागतो. म्हणजे एक दिवाही लावू न शकणारी वीज माणसाचा दिवा विझवायला पुरेशी असते.

ज्याला शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतात, ते सौर कुंपणाचे यंत्र याच्या अगदी उलट तत्त्वावर चालते. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असतो, हे ऐकून माणूस दचकतो. परंतु तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये सुमारे एक सेकंद जातो. त्या अवकाशात स्नायू सैल होतात, जनावर मागे हटते, माणसाचा हात सुटतो. झटक्यातील ऊर्जेवरही मानकांनी मर्यादा घातलेली आहे. दाब किती यापेक्षा ऊर्जा किती आणि किती वेळ, यावर जीव अवलंबून असतो. विज्ञानाच्या शिक्षकाने हा एक धडा फळ्यावर नीट समजावून दिला, तर त्या वर्गातला एखादा मुलगा घरी जाऊन बापाला आकडा काढायला लावील.

अर्थात हे सुरक्षित कुंपणही चुकीच्या हातांनी उभारले तर घात करते. काटेरी तारेत झटका सोडू नये, कारण काट्यात अडकलेला प्राणी किंवा माणूस मागे हटूच शकत नाही. यंत्राचा भूसंपर्क घराच्या किंवा मोटारीच्या भूसंपर्कापासून किमान १० मीटर दूर असावा. दोन शेजाऱ्यांची दोन यंत्रे असतील तर त्यांच्या तारांत किमान अडीच मीटरचे अंतर हवे. एकाच तारेला दोन यंत्रे तर कधीच जोडू नयेत. रस्त्याच्या कडेला सूचनाफलक हवेत. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी यंत्र बंद करून तार सोडवावी. आणि बॅटरी उतरली म्हणून त्या जागी घरची वीज जोडण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा. कोणी तारेला चिकटलेला दिसला तर त्याला हात लावून ओढू नये. आधी वीज तोडावी, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बळी, ही या अपघातांची दुःखद रीतच आहे.

एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ शेताच्या जिवंत कुंपणाला लागून मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या विख्यात ‘जय’चा तो बछडा. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, त्यामुळे शोध लागला, देशभर बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशाच तारेला लागून शेतमजूर मरतो, तेव्हा त्याच्या गळ्यात पट्टा नसतो. आतल्या पानावर चार ओळी येतात आणि आकस्मिक मृत्यूची नोंद होते. वाघाचे मोल कमी करावे असे कोणी म्हणणार नाही. माणसाचे मोल तितके तरी धरले जावे, एवढीच अपेक्षा आहे.

कायद्याच्या कुंपणाबाहेर

कायदा या माणसाकडे कसा पाहतो? मळणीयंत्रात हात तुटू लागले तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. परंतु तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेतही दहाचाच उंबरठा राहिला. कुंपण घालणाऱ्या टोळीत माणसे चार किंवा पाच. म्हणजे कायद्याचे कुंपण जिथे सुरू होते, त्याच्या बाहेरच ही माणसे उभी आहेत.

महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून, विजेचा धक्का लागून किंवा अन्य अपघाताने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे. परंतु ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. त्याच बांधावर, त्याच तारेने मेलेल्या भूमिहीन मजुराचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या नावावर मरणही नाही, असा याचा अर्थ होतो. कुंपणात वीज सोडून कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा होऊ शकतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षाही होऊ शकते. पण शिक्षेने विधवेच्या घरात धान्य येत नाही. शासनाने आपल्या अपघात योजनेत शेतमजुराला खातेदाराच्या पंक्तीला बसवावे, ही मागणी म्हणूनच कृपेची नसून न्यायाची आहे. जिथे कुंपणासाठी अनुदान दिले जाते, तिथे ते उभारणाऱ्या माणसाच्या हातमोज्यांची आणि विम्याची अट त्याच कागदावर घालणेही अवघड नाही.

अंदाजपत्रकातील एक ओळ

तथापि सारे काही शासनावर सोडून मोकळे होता येणार नाही. कुंपण घालण्याची आज्ञा शेवटी कोणीतरी देते. शाळेच्या कुंपणाचा ठराव मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतो. ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या कामाचे अंदाजपत्रक कोणी लिपिक टंकलिखित करतो. गृहनिर्माण संस्थेची निविदा चिटणीस काढतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतःच खड्डे खणतात आणि तारा ओढतात. त्यांच्या उत्साहाला हातमोज्यांची जोड देणे हे कार्यक्रम अधिकाऱ्याचे काम आहे. म्हणजे हा प्रश्न दूरच्या कोणा शेतमालकाचाच आहे, असे नव्हे. सही करणारा प्रत्येक हात त्यात आहे.

त्या अंदाजपत्रकात खांबांची संख्या असते, तारेचे पदर असतात, वाळू-सिमेंटचे प्रमाण असते. त्यात आणखी एक ओळ हवी: चामडी हातमोजे, डोळ्यांचे चष्मे, बंद बूट, प्रथमोपचाराची पेटी. काटेरी तारेच्या एखाद-दुसऱ्या भेंडोळ्याच्या किमतीत चार-पाच जणांच्या हातमोज्यांची आणि चष्म्यांची सोय व्हावी. करारात एक वाक्य हवे, की काँक्रीट मुरेपर्यंत तार ताणली जाणार नाही आणि त्या खाड्याच्या दिवसांसाठी मजुरी कापली जाणार नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर वीज कंपनीला आधी पत्र गेले आहे, याची नोंद फाईलला हवी. आपल्या कचेऱ्यांत जे कागदावर नसते ते जागेवरही नसते. मग हे कागदावर का असू नये?

मजूर स्वतःच हातमोजे घालत नाहीत, असा यावर हमखास आक्षेप येतो. तो खोटा नाही. जाड हातमोज्याने तार वळवताना काम संथ होते, आणि संथ कामाला धावत्या फुटाचा दर परवडत नाही. पण याचा अर्थ मजुराला आपला हात प्रिय नाही असा नव्हे. हात वाचवला तर संध्याकाळची चूल बुडते, अशी निवड त्याच्यापुढे ठेवली गेली आहे, असा आहे. दर ठरवतानाच सावकाश कामाचा वेळ त्यात धरला, तर हातमोजे आपोआप हातात येतील. जो दर घाई करायला लावतो तो स्वस्त नसतो. त्याची उरलेली किंमत दुसरा कोणी तरी मोजत असतो.

काम पुरे झाले की मालक बांधावरून फेरफटका मारतो. खांब ओळंब्यात आहेत का, तार ढिली तर नाही ना, हे हात लावून पाहतो आणि हिशेब चुकता करतो. त्या वेळी पैसे घ्यायला पुढे झालेल्या तळव्यांकडे त्याने एकदा पाहावे. त्यावर चिंध्या बांधलेल्या असतील, तर कुंपण कितीही सरळ असले तरी काम नीट झालेले नाही, असे त्याने समजावे.